पायरीवर बसायला कारण हवं: एकट्या वयानंतर नाशकात चित्राची वही सुरू करणाऱ्यांसाठी

आठवीत सटाण्याहून नाशकात आले. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात फळ्यापुढे उभी राहून घरच्या अहिराणीत "माले येत नही" म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. बाईही हसल्या. मग दहावी होईपर्यंत "हजर बाई" याच्यापलीकडे वर्गात माझा आवाज फारसा कुणी ऐकला नाही. मधल्या सुट्टीत मी डबा पाणपोईच्या मागे खायची. शाळा सुटली की सिडकोतल्या दोन खोल्या, टीव्ही आणि झोप. रडगाणं एवढंच. ते सांगायचं कारण इतकंच की पुढे जे लिहिलंय ते अशा मुलीने करून पाहिलेलं आहे, चित्रकाराने नाही. मी एका कंपनीत हिशेब बघते. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, त्यात क श्रेणी मिळाली. इंटरमिजिएटच्या वाटेला गेले नाही.

एकटं वाढलेल्या माणसाला सगळे सांगतात, मन मोकळं कर. कुणापाशी करू, ते कुणी सांगत नाही. माझी अडचण त्याच्याही आधीची होती. बसायचं कुठे? मैत्रिणींचा घोळका असेल तर कॉलेज रोडला दोन तास कट्ट्यावर बसता येतं. एकटी पोरगी दहा मिनिटं बसली की येणारे-जाणारे बघतात, मग ती मोबाइल काढते, मग उठून घरी जाते. मांडीवर वही असली की हे बदलतं. "इथं काय करतेस?" याला उत्तर तयार असतं. चित्र कसं येतं हा प्रश्न नंतरचा. आधी वहीमुळे माणसांत बसायला मिळतं, तेही कुणाशी एक शब्द न बोलता.

नाशिक यासाठी सोयीचं गाव आहे. शिवाजी तुपे यांच्यासारख्या निसर्गचित्रकारांनी इथल्या घाटाची, देवळांची, वाड्यांची चित्रं आयुष्यभर काढली. आजही सकाळी कला महाविद्यालयाची पोरं बोर्ड घेऊन घाटावर दिसतात. त्यामुळे गोदाकाठच्या माणसाला चित्र काढणारा म्हणजे काही अप्रूप नाही. तो बघेल, हसेल, पुढे जाईल. दुसऱ्या गावात ही मोकळीक मिळेलच असं नाही.

सुरुवातीआधी

झोप उडालीय, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतंय असं काही आठवड्यांपासून चालू असेल तर वही नंतर. आधी 14416 लावा. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची टेलिमानस सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. चित्राने मन हलकं होतं, पण ते औषधाची जागा घेत नाही. हे मला दोन वर्षं उशिरा कळलं.

सामान

दुकानात गेलात की हात मोठ्या पेटीकडे जातो. तो आवरा. चाळीस रंगांची पेटी घरी आणली की ती उघडायचीच भीती वाटते, कारण एवढा खर्च केल्यावर चित्र चांगलं यायलाच हवं असं वाटत राहतं. माझी तशी एक पेटी कपाटात वर पडून आहे. दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत ती हाताला लागते आणि मी ती परत तिथेच ठेवते.

रविवार कारंजा आणि मेन रोडच्या बाजूला स्टेशनरीची बरीच दुकानं आहेत. तिथे एवढंच मागा: हातात मावेल अशी जाड कागदाची स्केचबुक, एक 4बी पेन्सिल, एक निळं बॉलपेन. खोडरबर नको. रबर असलं की पहिली दहा मिनिटं खोडण्यातच जातात. बॉलपेन का, तर ते खोडता येत नाही आणि ते आपण रोज वापरतो, त्यामुळे हात बुजत नाही.

रंग महिनाभराने, आणि तेही पेटी न घेता जलरंगाच्या सुट्या ट्यूब. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि एक पिवळा. पहिले दोन एकमेकांत मिसळले की राखाडी होतो. निळा जास्त घातला तर पावसाळी राखाडी, सिएना जास्त घातला तर उन्हात तापलेल्या दगडाचा. नाशिकची जुनी देवळं, घाट, वाड्यांची जोती बहुतेक काळ्या दगडाची, आणि तो काळा दगड काळ्या रंगाने काढला की डांबर ओतल्यासारखा दिसतो. या दोन ट्यूबांवर सगळा घाट निघतो. ब्रश एकच घ्या, गोल, आठ नंबरचा. पाण्याला औषधाच्या बाटलीचं टोपणसुद्धा चालतं.

पहिले चार दिवस घरी

घाटावर जायच्या आधी थोडं लिहून काढा. यामागे एक जुना प्रयोग आहे. 1986 मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला सगळ्यात जड प्रसंग. जड लिहिणारे लिहून उठल्यावर जास्त उदास होते. पण पुढच्या महिन्यांत, ज्यांनी काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं हे दोन्ही लिहिलं होतं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. त्यातली पहिली गोष्ट लक्षात ठेवा. लिहून उठल्यावर बरं वाटलं नाही तर आपलं काही चुकलं असं समजू नका. आणि एखादा प्रसंग फारच अंगावर आला तर तो तिथेच सोडून दुसरा घ्या.

घड्याळ लावून पंधरा मिनिटं. शुद्धलेखन बघायचं नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, घरी जी बोलता ती भाषा लिहा. मी पहिले दोन दिवस शाळेच्या निबंधासारखं लिहिलं, "मला अत्यंत एकाकी वाटत असे" वगैरे. तिसऱ्या दिवशी अहिराणीत उतरले आणि पाच ओळींत हात थरथरायला लागला. जी भाषा ऐकून वर्ग हसला होता तिच्यातच ते सगळं साठून राहिलं होतं, ते प्रमाण मराठीत कुठून येणार? तुमची वऱ्हाडी असेल, कोकणी असेल, पारध्यांची असेल, तीच वापरा. वाचणार कुणीच नाहीये.

वाचणार कुणी नाही हे मात्र नीट बघावं लागतं. दोन खोल्यांच्या घरात डायरी लपत नाही. जुन्या हिशेबाच्या वहीची मागची पानं हा माझा उपाय. हिशेबाची वही कुणी उघडून बघत नाही. नाहीतर लिहून फाडून टाका, काही बिघडत नाही.

घाटावर: कुठे, कधी, कसं बसायचं

सिटीलिंकच्या बसने सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, किंवा रविवार कारंज्याला उतरा, तिथून चालत खाली. पहिल्यांदा वही पिशवीतच ठेवा आणि नुसता एक फेरा मारा: अहिल्यादेवी होळकर पूल, रामकुंड, गांधी तलाव, नदीत उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, समोर नारोशंकराचं देऊळ. घाई नको. बसायची जागा शोधणं हेच त्या दिवसाचं काम.

जागा कशी असावी? पाठीमागे भिंत किंवा खांब, म्हणजे मागून कुणी डोकावत नाही. सावली. आणि जवळपास एखादी कायमची विक्रेती. हे शेवटचं मुलींसाठी विशेष. फुलंवाली, द्रोणातले दिवे विकणारी, पूजेचं सामान विकणारी अशी एखादी बाई दिवसभर तिथेच बसलेली असते आणि तिची नजर सगळीकडे असते. मी ज्या आजींच्या शेजारी बसते त्यांनी मला तीन वर्षांत नाव विचारलेलं नाही. "चित्रवाली" म्हणतात. एकदा दोन पोरं उगाच जवळ येऊन बसली तेव्हा आजींनी नुसता पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्या पायाशी पाणी शिंपडायला सुरुवात केली. पोरं उठली.

वेळ सकाळी साडेसातनंतरची. जुन्या नाशिकच्या काठावर बसलात तर सूर्य समोरून, पंचवटीच्या मागून वर येतो, त्यामुळे समोरची देवळं एकाच गडद रंगात दिसतात. नवशिक्याला हे बरं, खिडक्या-नक्षी मोजत बसावं लागत नाही. दुपारनंतर ऊन तिकडच्या भिंतींवर पडतं आणि तपशील दिसायला लागतो. तेव्हा जायचं ते वर्षभर हात बसल्यावर. बुधवारी घाटावर आठवडे बाजार भरतो. गर्दीत हरवून जायचं असेल तर बुधवारसारखा दिवस नाही, पण शांत बसायचं असेल तर तो टाळा.

एक पथ्य. रामकुंडावर रोज अस्थी घेऊन माणसं येतात, दशक्रिया चालू असते. नुकतेच केस उतरवलेले बाप-लेक पाण्यात उभे असतात. दृश्य जबरदस्त असतं, हात शिवशिवतो. काढू नका. वही खाली ठेवा किंवा तोंड दुसरीकडे करा. आपण ज्या दुःखातून वर यायला बघतोय तसलंच दुसऱ्याचं दुःख आपल्या वहीचा विषय करायचा नाही. हा माझा नियम आहे, कुणी घालून दिलेला नाही, पण तो मोडलेला मला आवडत नाही.

पहिलं चित्र

कागदावर काडेपेटीएवढा चौकोन आखा. अख्ख्या पानावर सुरुवात केली तर घाबरायला होतं. काडेपेटीत कुणी ताजमहाल मागत नाही.

आता नारोशंकराच्या देवळाकडे बघा. 1747 चं बांधकाम. भोवती किल्ल्यासारखी तटबंदी आणि कोपऱ्यांवर छत्र्या. सगळं देऊळ घेऊ नका, एक छत्री घ्या. डोळे किलकिले करा, पार मिटत येईपर्यंत. तपशील पुसला जातो आणि तीनच गोष्टी उरतात: उजेड, मधला रंग, काळोख. उजेड म्हणजे कोरा कागद. मधला रंग पेन्सिल आडवी धरून हलका भरा. काळोखाला जोर द्या. दहा मिनिटं झाली की थांबा, पुरं झालं असो वा नसो. शेजारी दुसरा चौकोन. एका बैठकीत चार चौकोन पुष्कळ झाले.

चार छत्र्यांपैकी एक जराशी छत्रीसारखी दिसेल. बाकीच्या मशरूम दिसतील. माझ्या दिसल्या.

माणसं काढायची असतील तर हलत नाहीत अशी शोधा. सीबीएसला एसटीची वाट बघणारे. सार्वजनिक वाचनालयात पेपर वाचणारे आजोबा. हे वाचनालय, म्हणजे आमचं सावाना, 1840 पासून चालू आहे आणि मला वाटतं काही आजोबा तेव्हापासूनच त्याच खुर्चीत आहेत. मे महिन्यात घाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे तर शेकडो माणसं तासभर एका जागी बसलेली मिळतात. मागे बसा आणि पाठी काढा. टोप्या, अंबाडे, टक्कल. पाठ बघून माणूस ओळखता येतो हे मला तिथे कळलं, आणि चेहऱ्याची भीतीही तिथेच गेली. मला लोकांच्या डोळ्यांत बघता यायचं नाही. वर्षभर त्यांच्या पाठी काढल्यावर हळूहळू कान काढता आले, मग गाल, मग डोळे.

कुणी बघायला लागलं तर

लागतातच. सगळा लेख या परिच्छेदासाठी आहे म्हणा.

पहिल्यांदा कुणी मागे येऊन उभं राहिलं की अंग आखडतं. शाळेतले सगळे हसणारे परत उभे राहतात. वही मिटावीशी वाटते. मिटू नका, पण बोलूही नका. रेघा मारत राहा. बहुतेक माणसं अर्ध्या मिनिटात जातात. ती तुम्हाला जोखायला आलेली नसतात. काय चाललंय एवढंच त्यांना बघायचं असतं, रस्त्यात खड्डा खणत असले तरी लोक असेच उभे राहतात.

लहान मुलं जात नाहीत. दुतोंड्या मारुती काढत होते तेव्हा एक सहा-सात वर्षांचा मुलगा गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि म्हणाला, "ताई, मारुती असा वाकडा का?"

खरंच वाकडा होता. दोन तोंडांपैकी एक पार खांद्यात गेलं होतं.

पूर्वीची मी असते तर उठून गेले असते. त्या दिवशी कोण जाणे काय झालं, मी पेन त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "तू सरळ करून दे." त्याने गदा काढली. मारुतीएवढीच मोठी. मग त्याची आई आली, "चल रे, त्रास नको देऊ," म्हणाली, आणि जाता जाता मला, "छान काढता हो तुम्ही." छान नव्हतं. पण बऱ्याच वर्षांनी अनोळखी माणसाशी मी काही ठरवून न ठेवता बोलले होते आणि घरी येईपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नाही. त्या पानावरची गदा मी अजून तशीच ठेवलीय.

तोंडी असू द्यावीत अशी दोन-तीन वाक्यं सांगते, कारण आयत्या वेळी काही सुचत नाही. "शिकतेय अजून." याने नव्वद टक्के संभाषणं गोड संपतात. "किती घेता एका चित्राचे?" विचारलं तर "विकत नाही हो, हौस आहे." आणि कुणी चिकटलंच तर वही मिटून "बस चुकेल माझी" म्हणायचं आणि आजींच्या पलीकडे जाऊन बसायचं.

दाखवायचं कुणाला

पहिले सहा महिने इन्स्टाग्रामवर टाकू नका असं माझं ठाम मत आहे. कमी लाइक आले की मधल्या सुट्टीतली पाणपोई परत आठवते, आणि जास्त आले की पुढचं चित्र लाइकसाठी काढलं जातं. एक माणूस निवडा. चित्रातलं कळणारा नको, रोज भेटणारा हवा. मी आमच्या ऑफिसच्या चहावाल्या दादांना दाखवायची. ते प्रत्येक चित्राला "हे कुठलं?" एवढंच विचारायचे आणि ओळखू आलं की खूश व्हायचे. यापेक्षा चांगला परीक्षक मला मिळाला नाही. ओळखू आलं नाही तर चित्र फसलं, विषय संपला.

चित्रात जीव रमला नाही तर

तर नाशकात ढोल आहे. हसू नका. गणपतीच्या काही आठवडे आधी पथकांचे सराव सुरू होतात, संध्याकाळी, मैदानात, आणि नव्या पोरा-पोरींना घेतात. ढोल कमरेला बांधायचा, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताने थाप. बोलायची सोयच नाही, त्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नाही. लाजाळू माणसाला याहून सोयीची जागा कुठली? शिवाय रोज त्याच तीस-चाळीस जणांबरोबर एकाच ठेक्यावर हात चालतो, ढोल ताणायला एकाला दुसरा लागतोच, आणि पंधरा दिवसांत कुणीतरी तुम्हाला डब्यातली पोळी पुढे करतं. पहिल्या आठवड्यात तळहाताला फोड येतात. चिकटपट्टी बाळगा, कानात कापूस घाला.

दुसरं म्हणजे नाटक, पण पडद्यामागचं. नाशकात हौशी नाट्यसंस्था भरपूर, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत प्रत्येकीला माणूसबळ कमी पडतं. नट व्हायला सगळे तयार असतात. नेपथ्य उचलायला, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातल्या वस्तू मांडायला, लाइटच्या खुणा लिहायला कुणी नसतं. कालिदास कलामंदिरात किंवा सायखेडकर नाट्यगृहात प्रयोग बघायला जा, संपल्यावर निघू नका, एखादी लेव्हल, म्हणजे रंगमंचावरचा लाकडी चौथरा, उचलायला हात लावा. ओळख आपोआप होते. तोंडी परिचय करून द्यायची वेळ आली असती तर मला जमलं नसतं.

लिहिण्याकडे ओढ असेल तर गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम चालू असतात. मागच्या रांगेत बसा, कुणी पुढे या म्हणत नाही.

वही बंद पडते तेव्हा

पडणारच. माझी एकदा सात महिने पडली होती. परत सुरू करताना राहिलेली पानं भरून काढायला जाऊ नका, नवीन काडेपेटी आखा. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वार आणि जागा लिहायची सवय ठेवा. मन कसं होतं ते लिहिलं नाही तरी चालतं. "मंगळवार, सरकारवाडा, ऊन" एवढ्यावरून नंतर सगळं आठवतं.

पावसाळ्यात घाटाचं गणित बदलतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर आधी विचारतात, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. ऑगस्ट 2019 मध्ये तो जवळजवळ दिसेनासाच झाला होता. पाणी त्याच्या पायाला लागलं की पायऱ्यांवर उतरू नका, कितीही मोह झाला तरी. पूर बघायला येणाऱ्यांच्या गर्दीत वरच्या रस्त्यावरून काढा, पोलिसांनी हटकलं तर हटा. पुराच्या पाण्याचा रंग निळा नसतो. सिएनात पिवळा आणि निळ्याचा थेंब टाकला की दुधाचा चहा उकळतोय तसा येतो, तो घ्या. कागद दमट हवेत लवकर वाळत नाही, तेव्हा ओली वही मिटू नका. मी पहिल्या पावसाळ्यात मिटली होती. मारुती आणि समोरच्या पानावरच्या फुलंवाल्या आजी एकमेकांना चिकटले, आणि सोडवताना आजींच्या टोपलीचा अर्धा भाग त्याच्या पाठीवर गेला.